वारी चालणाऱ्याची आणि मागे राहणाऱ्याची
(दिंडीच्या शताब्दी सोहळ्यातील प्रवचन)



आपल्या दिंडीला 100 वर्षं झाली. या निमित्तानं थोर महाराज मंडळींचं स्मरण झालं, ते व्हायलाच पाहिजे. मी मात्र आज अशा माणसांविषयी बोलणार आहे, ज्यांचं नाव कुठल्याच पाटीवर लागत नाही.

आपला देव विटेवर उभा का राहिला, सांगा बरं? पुंडलिकानं काही मोठा यज्ञ मांडला नव्हता. तो आई-बापाचे पाय चेपत बसला होता. देव दारात आला तरी त्यानं हातातलं काम सोडलं नाही. जवळची वीट पुढं टाकली आणि म्हणाला, जरा थांबा. देव थांबला, तो अजून तिथंच उभा आहे. म्हणजे आपल्या संप्रदायाचा पायाच मुळी घरातल्या एका साध्या कामावर रचला आहे.

संतांचंही तसंच. सावतोबा अरणला मळ्यात राबत, गोरोबाकाका तेरला माती तुडवत, जनाबाई नामदेवरायांच्या घरी दळण-कांडण करीत. चोखोबा तर मंगळवेढ्याला गावकुसाचं काम करतानाच भिंतीखाली गेले. आज महाद्वारात नामदेव पायरीसमोर त्यांची समाधी आहे. यातल्या कुणी काम टाकून देव शोधला नाही. काम करता करता नाम घेतलं, आणि देवालाच त्यांच्या कामापाशी यावं लागलं.

आता आपल्या घराकडं पाहा. ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून माउलींचं प्रस्थान होतं. दिवस कसले असतात? पेरणीचे. आभाळ भरून आलेलं, आणि आपण पताका खांद्यावर घेऊन निघतो. मागं कोण असतं? धाकटा भाऊ पाभर धरतो. सून पहाटे उठून धारा काढते, आजारी सासूला वेळेवर औषध देते. बांधाला बांध असलेला शेजारी म्हणतो, "तू जा बाबा पंढरीला, तुझी जनावरं मी बघतो." त्याच्या गळ्यात माळ असेल, नसेल. पण त्याच्या त्या एका शब्दावर आपली वारी उभी असते. सावतोबा मळ्यातच राहिले, म्हणून काय त्यांची भक्ती उणी ठरली?

वाटेवरही तेच. मुक्कामावर कुणी तुटलेली वहाण शिवून देतो आणि पैसे विचारले तर हात जोडतो. कुणी आपली ओसरी मोकळी करून दारात पाण्याचा हंडा भरून ठेवतो. आणि आपल्याच दिंडीतल्या स्वयंपाकाच्या बाया! आपण उठायच्या आत त्यांची चूल पेटलेली असते. पंगत उठली की भांडी गाडीत चढतात, गाडी पुढच्या तळावर जाते, की पुन्हा भाकरी थापणं सुरू. तुम्ही रिंगण पाहता तेव्हा त्या कांदा चिरत असतात. कीर्तन त्यांना कर्ण्यावरून ऐकू येईल तेवढंच.

इथं मात्र जपून राहा, मंडळी. "कामातच देव आहे" हे त्यांनी म्हणावं. आपण जेवून ढेकर देताना म्हणू नये. नाहीतर त्यांना कायम कामातच ठेवायची ती एक सबब होईल. दुसऱ्याच्या कष्टाचं नुसतं कौतुक करून भागत नाही. त्या कष्टाला आपला हात लागला पाहिजे.

आपण वारीत एकमेकांच्या पाया पडतो. वय विचारत नाही, जात विचारत नाही. मग ते डोकं चुलीपाशीही वाकलं पाहिजे.

म्हणून शताब्दीच्या वर्षी एक नेम करू या. माळ, एकादशी, हरिपाठ आहेच. त्यात एवढी भर. रिंगणाच्या दिवशी पातेली टाळकऱ्यांनी घासायची आणि स्वयंपाकाच्या बायांनी रिंगणाला जायचं. आणि गावाकडं ज्यानं आपली गुरं सांभाळली, त्याला पुढच्या आषाढीला पंढरीला पाठवायचं. त्याची गुरं आपण बघायची. एका वर्षी वारी चुकली असं वाटेल, पण चुकणार नाही. विठोबाला थांबायची सवय आहे.

रामकृष्णहरी!