स्वप्नांचा पुठ्ठा
(नेरे येथील मासिक प्रार्थनासभेत केलेले भाषण)



आज मी एक पुठ्ठा सोबत आणला आहे. बिस्किटांच्या खोक्याचा आहे, एका कडेला उंदराने कुरतडला आहे. त्यावर कोळशाने आणि गेरूने चित्रे काढली आहेत. मागच्या रांगेत बसलेल्यांनी सभा संपल्यावर जवळ येऊन पाहावा.

हल्ली कंपन्यांत, शाळांत ‘व्हिजन बोर्ड’ करायला सांगतात. हवे असलेले घर, नोकरी, प्रवास यांची चित्रे फलकावर चिकटवायची आणि तो रोज डोळ्यांसमोर ठेवायचा. मीही एका प्रशिक्षणात असा फलक केला होता. त्यावर मुलींचे वसतिगृह, एक जीप आणि शिवणयंत्रांची रांग होती. तीन वर्षे तो माझ्या टेबलासमोर होता. त्या तीन वर्षांत मी कातकरी वस्तीवर असंख्य वेळा गेले, पण तुम्हाला काय हवे आहे, असे कोणाला विचारले नाही.

गेल्या वर्षी श्रावणात वस्तीवरच्या बायांसोबत असा फलक करायचे ठरवले. जुनी वर्तमानपत्रे, कात्र्या आणि कणकेची खळ घेऊन गेले. आपल्याकडच्या वर्तमानपत्रात चित्रे कसली असतात, तुम्हाला ठाऊक आहे. हिंजवडीजवळचे फ्लॅट, गाड्या, दागिने. बाया मुकाट्याने कापत होत्या. एक म्हातारी मावशी मात्र एका इमारतीच्या चित्राकडे बघून हसली. म्हणाली, “ताई, असल्या घरांच्या विटा आम्ही पाडतो. आता चित्र पण आम्हीच चिकटवायचं का?”

मी गप्प बसले. मग वर्तमानपत्रे गुंडाळून ठेवली आणि म्हटले, “तुमचं तुम्हीच काढा.”

त्यांनी काढले ते या पुठ्ठ्यावर आहे. कुलूप लावता येईल असा दरवाजा. दोन शेळ्या. दप्तर घेऊन शाळेत बसलेले मूल. आणि मधोमध एक वही, तिच्यावर आडवी रेघ. ही वही म्हणजे उचल.

ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. कातकरी म्हणजे खैरापासून कात काढणारे. राज्यात आदिम जमात म्हणून नोंदलेल्या तीन जमातींपैकी ही एक. कोलाम आणि माडिया गोंड या दुसऱ्या दोन. जंगल हातचे गेले, कात गेला. कोळसा आणि वीटभट्टी उरली. पावसाळ्यात काम नसते, तेव्हा आजारपणाला, सणाला, किराण्याला मालकाकडून उचल घ्यायची. दिवाळीनंतर घर बंद करून, मुलांना घेऊन भट्टीवर जायचे आणि पाऊस येईपर्यंत ती फेडायची. मजुरी हजार विटांमागे ठरते, आठवड्याला खर्ची मिळते, उरलेले उचलीत वळते होते. हिशेबाची वही मालकाकडे. हंगामाच्या शेवटी बाकी निघाली की पुढचे वर्षही त्याच्याकडेच. वेठबिगारी बंद करणारा कायदा १९७६ चा आहे, पण ज्याला वहीतले आकडे वाचता येत नाहीत त्याच्यापर्यंत कायदा पोहोचत नाही.

नुसते चित्र पाहून ते खरे होते, असे मी मानत नाही. लूकच्या १४ व्या अध्यायात प्रभू येशू बुरूज बांधणाऱ्याबद्दल बोलतो. तो आधी बसून खर्चाचा हिशेब करतो. आम्हीही प्रत्येक चित्राखाली हिशेब मांडला. उचल घेतो ती कशासाठी? सर्वांत मोठा खर्च औषधपाण्याचा निघाला, सणाचा नव्हे. मग दोन गोष्टी ठरल्या. आठवड्याला वीस रुपये डब्यात टाकायचे, आणि भट्टीवर रोज पाडलेल्या विटांच्या रेघा स्वतःच्या वहीत ओढायच्या. ज्यांना अक्षर येत नाही त्यांनाही रेघ ओढता येते.

मुक्ती मिशनची गोष्ट आपण अभिमानाने सांगतो. पंडिता रमाबाईंना अमेरिकेतील मित्रांनी शारदा सदनासाठी दहा वर्षांच्या मदतीचे वचन दिले होते. ती मुदत १८९८ मध्ये संपणार होती. रमाबाई केवळ प्रार्थना करून थांबल्या नाहीत. मुदत संपण्याआधीच त्यांनी केडगावला जमीन घेतली आणि फळझाडे लावली, म्हणजे सदन स्वतःच्या उत्पन्नावर उभे राहील. पुढे दुष्काळातून आणलेल्या मुलींना त्याच जमिनीवर आसरा मिळाला. दर्शन देवाने दिले; खड्डे मात्र माणसांनी खणले.

आमच्या गटात नऊ घरे होती. यंदा तिघांनी उचल घेतली नाही. चौघांनी पूर्वीपेक्षा कमी घेतली. एका घरात मोठे आजारपण आले आणि डब्यातले पैसे पुरले नाहीत. त्यांनी पूर्वीइतकीच घेतली. एक घर गट सोडून गेले. हंगामाच्या शेवटी एका बाईने आपली रेघांची वही मालकाच्या वहीशेजारी ठेवली. हिशेबात फरक निघाला आणि तो तिला मिळाला. त्या दिवशी ती मला म्हणाली, “ताई, मी भांडले नाही. नुसती वही उघडली.”

दरवाजा अजून झालेला नाही. घरकुलासाठी कागद लागतात. जातीच्या दाखल्याला १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागतात, आणि ज्यांचे आजोबा रानोमाळ फिरले त्यांनी तो आणायचा कुठून? पौडला आमच्या फेऱ्या चालू आहेत.

हबक्कूकाला देवाने दर्शन पाट्यांवर स्पष्ट लिहायला सांगितले, वाचणाऱ्याला सहज वाचता यावे म्हणून. पण कोणाचे दर्शन आपण लिहितो आहोत, हे आधी तपासले पाहिजे. माझा जुना फलक मी उतरवला आहे. वसतिगृह वाईट नव्हते. ते फक्त माझे होते.

तुम्ही दान देता, त्याबद्दल देवाचे आभार. यापुढे देताना विचारा, की हे त्यांच्या पुठ्ठ्यावर आहे का? आम्हाला सध्या वह्या, पेन्सिली आणि पौडच्या फेऱ्यांना सोबत येणारी, अर्ज भरता येणारी माणसे हवी आहेत. आणि प्रार्थना करा त्या एका घरासाठी, जे गट सोडून गेले. त्यांचे चित्र आम्ही पुसलेले नाही. दोन्ही शेळ्या त्यांच्याच आहेत.

प्रभू तुम्हा सर्वांना आशीर्वादित करो. आमेन.