हरण्याची सोय
(नभोवाणीवरील भाषण)

11 ऑक्टोबर 1724 रोजी आपल्या बुलढाणा जिल्ह्यातल्या साखरखेर्ड्याच्या शिवारात दख्खनचा सुभा कोणाचा, याचा निकाल लागला. निजामुल्मुल्क जिंकला, मुबारिझखान लढाईतच मारला गेला, आणि पुढे सव्वादोनशे वर्षं टिकलेल्या निजामीचा पाया या मातीत घातला गेला. त्या काळी सत्तेचा निवाडा असाच व्हायचा. जिंकणाऱ्याला राज्य, हरणाऱ्याला मरण. लोकांनी निवडलेल्या सभागृहाचं मोल मी इथून मोजायला सुरुवात करतो, कारण तिथे हरलेला माणूस धडधाकट घरी येतो आणि पुन्हा अर्ज भरू शकतो. एखादा प्रतिनिधी पन्नास-साठ वर्षं सभागृहात बसला, म्हणून आपण त्याच्यापुढे मान तुकवतो. पण त्या वर्षांची किंमत ठरवण्याआधी एक गोष्ट विचारायला हवी, असं मला वाटतं. एवढ्या वर्षांत त्याला हरवण्याची सोय लोकांच्या हातात होती का?

चीनच्या शान्शी प्रांतात शिगौ नावाचं डोंगरातलं एक गाव आहे. तिथल्या शेन जिलान 1954 साली पहिल्या राष्ट्रीय लोक काँग्रेसवर, म्हणजे चीनच्या संसदेवर गेल्या आणि 28 जून 2020 रोजी वारल्या तेव्हा तेराव्या काँग्रेसच्या सदस्य होत्या. तेराही वेळा सदस्य राहिलेल्या त्या एकट्याच. त्यांचं नाव झालं ते मात्र संसदेत जाण्याआधी. गावच्या शेती सहकारी संस्थेत बाईच्या दिवसभराच्या कामाला पुरुषाच्या निम्मी हजेरी लागायची. निंदणीच्या बाईचा रोज आणि गड्याचा रोज यांतला फरक ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. शेन जिलान यांनी गावातल्या बायकांना कामासाठी घराबाहेर काढलं, पुरुषांच्या बरोबरीने काम करून दाखवलं, वाद घातला आणि समान कामाला समान दाम पदरात पाडून घेतलं. ही खरी कमाई आहे आणि तिच्याबद्दल मला मनापासून आदर वाटतो. पुढे सरकारी पद मिळालं तरी त्यांनी गाव सोडलं नाही. 2019 मध्ये चीनने त्यांना प्रजासत्ताकाचं सर्वोच्च पदक दिलं. पण इतक्या वर्षांत आपण एकदाही विरोधी मत दिलं नाही, असं त्या स्वतः सांगत. गावच्या खळ्यावर गड्यांना नाही म्हणणारी ही बाई राजधानीच्या सभागृहात कधीच कोणाला नाही म्हणाली नाही. याचा दोष मी त्यांच्या स्वभावाला देत नाही. गावात त्यांच्या पाठीशी त्यांच्याच बायका होत्या. राष्ट्रीय काँग्रेसचे सदस्य मात्र थेट जनता निवडत नाही, खालच्या पातळीवरच्या सभा निवडतात, आणि उमेदवारीची चाळणी कम्युनिस्ट पक्षाच्या हातात असते. ज्यांच्यासाठी भांडायचं, त्या लोकांच्या हाती त्यांना पाडण्याचं बळ नव्हतं. म्हणून त्या लोकांचं बळही त्यांना सभागृहात नेता आलं नाही.

आता आपल्याकडचा माणूस घेऊ. गणपतराव देशमुख शेतकरी कामगार पक्षाचे. या पक्षाने 1950 च्या दाभाडी प्रबंधात मार्क्सवाद-लेनिनवाद उघडपणे स्वीकारला होता, म्हणजे शेन जिलान आणि गणपतराव या दोघांच्याही विचारांची मुळं एकाच जमिनीतली. सोलापूर जिल्ह्यातल्या दुष्काळी सांगोल्यातून गणपतराव 1962 साली पहिल्यांदा आमदार झाले आणि 2014 साली, वयाच्या अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी, अकराव्यांदा निवडून आले. अकरा या आकड्याचं कौतुक सगळे करतात. मला त्या दरम्यानचे दोन पराभव जास्त मोलाचे वाटतात. 1972 साली सांगोल्याने त्यांना घरी बसवलं आणि 1974 च्या पोटनिवडणुकीत परत बोलावलं. 1995 साली पुन्हा पाडलं. हा दुसरा पराभव कोणत्या वेळी आला, तेही पाहा. 1993 पासून आटपाडीला दुष्काळी तालुक्यांची पाणी संघर्ष परिषद उभी राहत होती. स्वातंत्र्यसैनिक नागनाथअण्णा नायकवडींसोबत गणपतराव त्यात होते. कृष्णेच्या पाणीवाटपासाठी नेमलेल्या बच्छावत लवादाने महाराष्ट्राला 560 टीएमसी पाणी दिलं होतं आणि 31 मे 2000 नंतर त्या निवाड्याचा फेरविचार होऊ शकत होता. तोवर आपल्या वाट्याचं पाणी अडवायला हातात थोडीच वर्षं उरलेली, आणि नेमकी आमदारकी गेलेली. तरी लढा थांबला नाही. आमदारकी गेल्यावरही ज्याच्या मागे लोक येतात, त्याचं वजन खुर्चीचं नसतं, हे त्या चार वर्षांत दिसलं. 1999 साली लोकांनी त्यांना परत पाठवलं, ते ही परीक्षा झाल्यावर.

यावर कोणी म्हणेल, जन्मभर विरोधी बाकावर बसून सांगोल्याला मिळालं काय? टेंभू-म्हैसाळ उपसा सिंचन योजनांचं पाणी पोचायला दशकं गेली, सत्तेतला आमदार असता तर ते लवकर आलं असतं. हा आक्षेप मी झटकून टाकत नाही. तहानलेल्या गावाला वाट पाहायला सांगणं सोपं नसतं. पण गणपतराव दोनदा मंत्रीही होते, 1978 मध्ये आणि 1999 मध्ये, आणि एका तालुक्यासाठी कालव्याचा फाटा ओढून आणण्यापेक्षा तेरा दुष्काळी तालुक्यांनी मिळून हक्काने पाणी मागायचं, ही वाट त्यांनी धरली. ती लांबची होती. बुलढाण्यासारख्या जिल्ह्यात, जिथे सिंचनाच्या अनुशेषाचा हिशेब अजून चालूच आहे, तिथे या वाटेचं महत्त्व कळायला हवं. दुसरा आक्षेप चीनच्या बाजूचा आहे. तिथली संसद अगदीच मुकी नाही, 1992 मध्ये थ्री गॉर्जेस धरणाच्या ठरावाला 177 सदस्यांनी विरोध केला आणि 664 तटस्थ राहिले. खरंच, आणि त्या सदस्यांचं धैर्य मोठं होतं. पण ठराव 1767 मतांनी मंजूर झाला, आणि धरणाखाली ज्यांची गावं जाणार होती त्यांना, होय म्हणणाऱ्या आपल्या प्रतिनिधीला पुढच्या निवडणुकीत जाब विचारता येत नव्हता.

तिसरा आक्षेप सगळ्यात जवळचा आहे. एकच माणूस अकरा वेळा, मग त्याच घरातला दुसरा, ही वतनदारीच नव्हे का? केरळमध्ये मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाने 2021 साली सलग दोनदा आमदार झालेल्यांना सरसकट उमेदवारी नाकारली, ती याच भीतीपोटी. भीती रास्त आहे. पण तिथे कोणी थांबायचं हे पक्षाने ठरवलं. सांगोल्यात ते मतदारांनी ठरवलं. 2019 साली वयामुळे गणपतराव उभे राहिले नाहीत, त्यांचा नातू उभा राहिला, आणि आजोबा हयात असताना, साऱ्या तालुक्यात त्यांच्याबद्दल आदर असताना, सांगोल्याने त्या नातवाला पाडलं. 30 जुलै 2021 रोजी गणपतराव गेले. 2024 साली त्यांचे दुसरे नातू बाबासाहेब देशमुख त्याच पक्षाकडून निवडून आले. पुढच्या निवडणुकीत त्यांनाही सांगोल्यातल्या प्रत्येक मतदाराच्या दारात उभं राहावं लागणार आहे.