पहिलं पॉलिश मशीन घेताना

(मोटार आणि बोट पॉलिशिंगच्या प्रशिक्षण वर्गाच्या समारोपाच्या दिवशी केलेलं भाषण, थोडं संक्षिप्त करून.)



आज वर्ग संपतो आहे. सकाळपासून पाच-सहा जणांनी मला बाजूला घेऊन एकच प्रश्न विचारला, “दादा, मशीन कुठलं घेऊ?” कुणी गटातून कर्ज काढणार आहे, कुणाच्या आईने शेळी विकून पैसे ठेवलेत. म्हणून आज उपदेश बाजूला ठेवतो आणि मशीनबद्दलच बोलतो.

आधी माझी फजिती सांगतो. या कामात येण्यापूर्वी मी एका गॅरेजात होतो. तेव्हा बावीस वर्षांचा असेन. तिथे एक जुनं बफिंग मशीन होतं. त्याला स्पीड एकच, तोही पूर्ण. एका काळ्या गाडीचं बॉनेट मी घासत होतो. मधला भाग झकास चमकला. मग कडेला आलो, मशीन जरा तिरपं झालं आणि दोन सेकंदांत पॅडवर काळा रंग उतरला. वरचा पारदर्शक थर गेला होता. बॉनेट पुन्हा रंगवावं लागलं आणि त्याचे पैसे तीन महिने माझ्या पगारातून कापले गेले. पैसे फिटले, पण त्या गाडीवाल्याने मला पुन्हा गाडीला हात लावू दिला नाही. काम बिघडलं की मालक मशीनला बोलत नाही, पोराला बोलतो. हे लक्षात ठेवा.

असं का झालं? आजकालच्या गाडीवर रंगाच्या वर जो क्लिअर कोट असतो, तो साधारण चाळीस-पन्नास मायक्रॉनचा. म्हणजे वहीच्या कागदाच्या जाडीच्या जेमतेम निम्मा. आपण पॉलिश करतो म्हणजे त्यातलाच थोडा थर घासून काढतो. कडेवर आणि उंचवट्याच्या रेघेवर तो आणखी पातळ असतो. फायबरच्या बोटीचं तसं नाही. तिच्यावर जेलकोट असतो, साधारण अर्धा मिलिमीटर जाड, म्हणजे गाडीच्या दहापट. पण तो चिवट असतो. उन्हाने त्याची वरची कातडी मरते. बोट फिरवलं की खडूसारखी पांढरी भुकटी हाताला लागते. ती काढायला जोर लागतो. गाडीला संयम लागतो आणि बोटीला जोर. दोन्ही करायचं असेल तर मशीन हे दोन्ही जाणणारं हवं.

बाजारात मुख्य दोन जाती आहेत. एक रोटरी. तिची चकती एकाच आसावर गरगर फिरते. ती लवकर कापते, पण एका जागी थांबली तर तापवते आणि चुकीच्या हातात उन्हात दिसणारे गोल-गोल ओरखडे ठेवून जाते. दुसरी ड्युअल अॅक्शन. ती फिरते आणि फिरता फिरता डुलतेही. त्यामुळे उष्णता एका जागी साठत नाही. जास्त दाबलं तर बहुतेक मशीनची चकती फिरायचीच थांबते, म्हणून नवशिक्याला ती माफ करते. पण खडू झालेल्या बोटीवर तिच्याने दिवस मावळतो आणि काम अर्धंच राहतं.

माझा सल्ला सरळ आहे. फक्त गाड्याच करणार असाल तर पहिलं मशीन ड्युअल अॅक्शन घ्या. मांडवा-अलिबागच्या बाजूला बोटींचं काम धरणार असाल, किंवा दोन्ही करणार असाल, तर रोटरी घ्या, पण हळू चालणारी. दुकानदार तुम्हाला वॅट सांगेल, वरचा स्पीड सांगेल. तुम्ही खालचा विचारा. सहाशे-सातशे फेऱ्यांपासून तीन हजारांपर्यंत जाणारी मशीन चांगली. हिशेब करून बघा. १८० मिलिमीटरचा पॅड तीन हजार फेऱ्यांनी फिरला तर त्याची कड ताशी शंभर किलोमीटरने धावते. हजार फेऱ्यांना तीच चौतीसवर येते. गाडीवर माझं काम हजार ते पंधराशेच्या मधेच होतं. बोटीवर अठराशेपर्यंत जातो. तीन हजाराची मला गरज पडलेली नाही.

आणि कृपा करून, घरात ग्राइंडर आहे म्हणून त्यालाच पॅड लावू नका. छोटा ग्राइंडर मिनिटाला अकरा हजारांच्या आसपास फिरतो. पॉलिशचा पॅड तेवढ्या वेगासाठी बनवलेला नसतो. तो फाटून तोंडावर येऊ शकतो.

दुकानात गेल्यावर लाजू नका. मशीन प्लगला लावायला सांगा. सगळ्यात कमी स्पीडवर चालू करा. झटका मारते की हळूच सुरू होते? हळू सुरू झाली तर कंपाउंड अंगावर उडत नाही. चकतीला पॅड लावून टेबलावरच्या जाड कापडावर जरा दाबा. आवाज खाली बसतो की स्पीड तसाच राहतो? जी मशीन दाबल्यावर मरते, तिच्यावर आपण नकळत स्पीड वाढवतो, आणि कडेला आल्यावर दाब सुटला की तीच उसळते. माझं बॉनेट तसंच गेलं. मग मशीन छातीच्या उंचीवर दोन्ही हातांनी पाच मिनिटं धरून उभे राहा. अशा मशीन दोन-तीन किलोच्या असतात. बोटीची बाजू भिंतीसारखी उभी असते आणि तिथे अर्ध्या किलोचा फरक संध्याकाळी खांद्याला कळतो. शेवटी दोन गोष्टी विचारा. कार्बन ब्रश जवळच्या तालुक्यात मिळतो का? आणि आटे एम-चौदाचे आहेत का? ते असले तर चकती कुठेही मिळते.

सगळे पैसे मशीनवर घालू नका. दहा रुपये असतील तर सहा-सातच मशीनला द्या. उरलेल्यातून बोटीसाठी लोकरीचे पॅड, गाडीसाठी फोमचे पॅड, कंपाउंड, मास्किंग टेप, चष्मा आणि मास्क घ्या. बोटीवरचा पॅड गाडीला लावायचा नाही. त्यात अडकलेली वाळू आणि मीठ रंगावर रेघा ओढतात. आणि किनाऱ्यावर काम करणाऱ्याने विजेच्या बोर्डला ईएलसीबी लावल्याशिवाय मशीनला हात घालू नये. बोट पाण्याबाहेर, वायरचा जोड जमिनीपासून वर, वायर खांद्यावरून मागे. हा खर्च टाळता येणार नाही. मशीन नवीन मिळते, माणूस मिळत नाही.

घरी नेल्यावर लगेच गिऱ्हाईक शोधू नका. भंगारवाल्याकडून एक जुनं बॉनेट आणा आणि महिनाभर त्यावर हात बसवा. आधी स्वच्छ धुवा. कडांवर टेप लावा. दोन फूट बाय दोन फूट एवढाच चौकोन घ्या. पॅड पृष्ठभागावर टेकवून मगच बटण दाबा. पॅड सपाट ठेवा, हात चालता ठेवा आणि मधेमधे तळहात लावून बघा. हाताला चटका बसला तर रंगालाही बसतोय. मग एकदा मुद्दाम कडेचा टेप काढून थांबा आणि थर जाताना डोळ्यांनी बघा. भंगारातलं बॉनेट जाळलं तर काही बिघडत नाही. तो धडा मला पगारातून मिळाला, तुम्हाला फुकट मिळेल.

एक शेवटचं. बोटींचं काम बाराही महिने नसतं. पावसाळ्यात बोटी वर ओढलेल्या असतात आणि पुन्हा पाण्यात जायच्या आधी सगळ्यांना एकदम घाई होते. कोळ्यांच्या लाकडी होड्यांना तर रंग लागतो, पॉलिश नाही. म्हणून हप्ता ठरवताना चांगल्या महिन्याची कमाई धरू नका, रिकाम्या महिन्याची धरा. तेवढ्यात बसत नसेल तर दोघांनी मिळून एक मशीन घ्या. एक धुवेल, टेप लावेल, दुसरा मशीन चालवेल, मग अदलाबदल. कुणी किती दिले ते वहीत लिहा आणि दोघांनी सह्या करा. चांगली मैत्री तोंडी हिशेबाने तुटलेली मी पाहिली आहे.

परवा एका मुलीने मला विचारलं, “दादा, स्वस्तातली घेऊन शिकले तर चालेल का?” मी म्हटलं, स्वस्त चालेल, पण हळू चालत नसेल तर फुकटही घेऊ नकोस.

तेच तुम्हा सगळ्यांना सांगतो. तुमच्या हाताला यश येवो.