शाळेच्या वर्गात कारागीर
(ज्ञातीच्या वार्षिक संमेलनातील भाषण)



गुणवंत विद्यार्थ्यांचा आज येथे सत्कार झाला, ही आपणां सर्वांस अभिमानाची गोष्ट आहे. त्याच आनंदात एक प्रश्न आम्ही आपणांपुढे ठेवू इच्छितो. ज्या हातांनी पिढ्यान्‌पिढ्या तांब्यापितळेला आकार दिला, त्या हातांना आपल्या मुलांच्या शाळेत काही स्थान आहे काय?

शाळेत कला म्हणजे बहुधा चित्रकलेचा एक तास. तो तास घेणाऱ्या शिक्षकांविषयी आमच्या मनात आदरच आहे. परंतु कलेवर ज्याचा चरितार्थ चालतो, तो वर्गात आला म्हणजे मुलांस निराळीच विद्या मिळते. आपल्या मठारकामाचेच उदाहरण घ्या. भांड्यावर ओळीने उठणारे ते ठोके केवळ शोभेसाठी नसतात. थंड तांब्यावर घाव बसत गेले की ते कठीण होते, भांड्यास बळकटी येते आणि त्याच ठोक्यांवर प्रकाश चमकतो. घाव अति झाले तर पत्रा चिरतो. म्हणून तो पुन्हा तापवून मऊ करावा लागतो. पदार्थविज्ञान, भूमिती आणि सौंदर्यदृष्टी ही तिन्ही एका ठोक्यात एकवटलेली आहेत. पुस्तकातील आकृती हे सांगू शकेल. पण पत्रा आता कठीण झाला, हे मनगटाला कसे कळते, ते कारागिराशेजारी बसल्यावाचून उमगत नाही.

ही कल्पना नवी नव्हे. रवींद्रनाथांच्या शांतिनिकेतनात 1919 साली कलाभवन सुरू झाले. तेथे नंदलाल बोसांसारखा चित्रकार विद्यार्थ्यांच्या सहवासात राहून चित्रे काढीत असे. 1937 साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योग हा शिक्षणाचा कणा मानला. 1977 साली दिल्लीत प्राध्यापक किरण सेठ यांनी ‘स्पिक मॅके’ ही चळवळ उभारली आणि थोर गायक-वादक शाळा-महाविद्यालयांत विद्यार्थ्यांसमोर येऊन बसू लागले. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तर सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना सुतार, कुंभार, कलावंत यांच्याजवळ शिकावे असे सुचविले असून, स्थानिक कारागिरांना शाळांत निदेशक म्हणून नेमावे असेही म्हटले आहे. तेव्हा दार किलकिले झाले आहे. आत कोणी जावयाचे, एवढेच ठरावयाचे आहे.

मात्र कारागिराला एका दिवसापुरते बोलावून, हार घालून, टाळ्या वाजवून परत पाठविणे याला आम्ही शिक्षण म्हणत नाही. ती करमणूक झाली. निदान सहा आठवडे, आठवड्यातून एकदा, तोच कारागीर त्याच वर्गात यावा. प्रत्येक मुलाच्या हाती तांब्याची एक लहान चकती असावी. पहिला ठोका वाकडा पडेल. सहाव्या आठवड्यास ओळ सरळ येऊ लागेल. भट्टी वर्गात पेटवू नये. ती पाहण्यास मुलांनी कारखान्यात जावे. कारागिरास घडविणे येते, पण चाळीस मुले सांभाळणे येईलच असे नाही. म्हणून वर्गशिक्षकांनी शेजारी उभे राहावे. एकाचे कसब आणि दुसऱ्याची शिकविण्याची हातोटी यांची जोडी जमली तरच काम साधते.

आणि मानधन! “आपलाच माणूस आहे, दोन तास येईल,” असे म्हणून कारागिराचा रोज बुडविणे हा कलेचा गौरव नव्हे. ज्याचा वेळ आपण फुकट घेतो, त्याची विद्याही फुकटची आहे असेच मुले समजतात.

बंधुभगिनींनो, स्टील आणि ॲल्युमिनियम घरोघर आले आणि बंब, घंगाळ, कळशी माळ्यावर गेली. पुण्याच्या तांबट आळीतही पूर्वीसारखे घाव ऐकू येत नाहीत. आपली मुले शिकली, नोकरीस लागली, हे उत्तमच झाले. प्रत्येकाने हातोडाच धरावा असा आमचा मुळीच आग्रह नाही. परंतु बापाचा धंदा सांगताना मुलाने मान खाली घालावी, हे आम्हांस सहन होत नाही. तोच बाप वर्गात फळ्यापुढे उभा राहिला आणि सारा वर्ग त्यास ‘सर’ म्हणू लागला, तर त्या मुलाच्या मनात काय उमटेल याचा विचार करावा. आपल्या घरी विद्या आहे, एवढे त्याला कळले तरी पुष्कळ झाले.

म्हणून मंडळास आमची विनंती आहे. वर्गात जाण्यास तयार असलेल्या कारागिरांची यादी करावी. तीत नक्षी, कल्हई, मठार जाणणाऱ्या स्त्रियाही असाव्यात. शिक्षणनिधीतून त्यांच्या मानधनाची आणि तांब्याच्या पत्र्याची तरतूद करावी. आपल्यापैकी जे शाळांच्या समित्यांवर आहेत त्यांनी मुख्याध्यापकांची गाठ घ्यावी. प्रारंभ एका शाळेतील एका वर्गापासून केला तरी चालेल; आणि त्या वर्गात सर्व ज्ञातींची मुले असावीत, कारण विद्या वाटल्यानेच टिकते.