निदानाची वाट पाहताना



सीलिअ‍ॅक विकाराची शंका आल्यापासून निदान होईपर्यंतचा काळ आईवडिलांची कसोटी पाहणारा असतो. मूल पोट धरून रडते आणि गव्हाची पोळी आजच बंद करावी, असे वाटू लागते. आमची कळकळीची विनंती आहे, की डॉक्टरांनी सांगेपर्यंत तसे करू नये. ग्लूटेनमुळे रक्तात निर्माण होणारी प्रतिपिंडे आणि लहान आतड्याच्या अस्तराला झालेली इजा यांच्या आधारे निदान होते. ग्लूटेन आधीच थांबविल्यास तपासणी फसवी ठरू शकते. पथ्य जन्मभराचे असल्याने निदान पक्के हवे.

तोवर मुलाला त्याचे दुखणे खरे मानतो, हे सांगावे. 'नाटक करतोस' असे म्हणू नये. थोडे थोडे जेवण, कोमट पाण्याच्या पिशवीचा शेक आणि जवळ बसून सांगितलेली गोष्ट यांनी धीर येतो. दुखण्याची वेळ व आहार वहीत टिपावा. वारंवार उलट्या, शौचातून रक्त अथवा ग्लानी आढळल्यास तत्काळ रुग्णालयात यावे.

निदानानंतर भात, ज्वारी, बाजरी, नाचणी आपल्या घरात आहेतच. त्यांचे दळण मात्र गव्हाच्या चक्कीवर नको. तोपर्यंतच्या वाटचालीत आम्ही आपल्यासोबत आहोत.