घागर ठेवून गेलेली बाई
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरसाल या दिवशी कोणी आहारावर बोलते, कोणी बचतीवर बोलते. यंदा चिटणीसबाईंनी मला गाठले आणि म्हणाल्या, "तुम्ही ख्रिस्ती. संकटात तुमच्या धर्मग्रंथाचा आधार कसा वाटतो, वाट कशी सापडते, ते आमच्या बायकांना सांगा." विषय केवढा आणि मला दिलेली मिनिटे वीस! त्यातून आतल्या खोलीत वडे तळावयास सुरुवात झाली आहे. तेव्हा सगळे बायबल काही मी आज उलगडणार नाही. जन्मभर शाळेत मराठी शिकविले, उपदेश करण्याची मला सवय नाही. एका विहिरीची गोष्ट सांगते आणि तिच्या अनुषंगाने आपल्याच मुलखातल्या एका बाईविषयी बोलते.

गोष्ट योहानाच्या शुभवर्तमानात, चौथ्या अध्यायात आहे. भर दुपारची वेळ. येशू चालून चालून थकला आहे आणि शोमरोन प्रांतातल्या एका विहिरीपाशी बसला आहे. शिष्य गावात खावयास आणण्यासाठी गेले आहेत. तेवढ्यात एक बाई पाणी भरावयास येते. येशू तिच्याकडे पाणी मागतो. बाई चकित होते, कारण येशू यहुदी आणि ती शोमरोनी. या दोन लोकांत रोटीबेटी तर सोडाच, भांड्याला भांडे लागणेही चालत नसे. तुम्ही माझ्या हातचे पाणी मागता तरी कसे, असे ती त्याला सरळ विचारते. पुढे दोघांचे चांगले लांबलचक बोलणे होते. बाईचे पाच नवरे झालेले आहेत आणि आता ज्याच्याबरोबर राहते तो तिचा नवरा नव्हे, हे येशूला ठाऊक असते, आणि तरीही तो तिच्याशी धर्माच्या गोष्टी बोलतो. परत आलेल्या शिष्यांना आश्चर्य वाटते ते, तो एका बाईशी बोलत बसला आहे याचे! बाई मात्र घागर तिथेच टाकून गावात धावत जाते आणि सगळ्यांना बोलावून आणते.

या बाईचे नाव योहानाने दिलेले नाही. शेवटी येशूला पाणी मिळाले की नाही, तेही लिहिलेले नाही. मला ही गोष्ट फार खरी वाटते ती यामुळेच. बोलण्यात रंगून पाणी द्यावयाचे राहून जाणे आपल्या घरी काय कमी वेळा होते?

आता आपल्या मुलखातल्या बाईकडे वळते. लक्ष्मीबाई टिळक. 'स्मृतिचित्रे' तुमच्यापैकी पुष्कळजणींनी वाचले असेल, निदान शाळेच्या पुस्तकातला उतारा तरी. त्यांचा जन्म १८६८ सालचा, माहेर नाशिकजवळ जलालपूरचे. त्यांच्या वडिलांना सोवळ्याचे जबरदस्त वेड होते. १८५७ च्या बंडानंतर आजोबांना फाशी झाली, आणि त्या प्रकारात जो विटाळ झाला असे वडिलांच्या मनाने घेतले तो जन्मभर निघाला नाही. बाजारातली जिन्नस धुतल्याशिवाय घरात यावयाची नाही, मीठसुद्धा! मीठ धुऊन किती उरत असेल याचा हिशेब बायकांनीच करावा. लक्ष्मीबाईंनी हे सारे इतक्या गमतीने लिहिले आहे की आपण हसतो, आणि मग एकदम लक्षात येते की त्या घरातल्या बायकांचे आयुष्य त्या धुण्यातच गेले.

त्यांचे यजमान म्हणजे कवी नारायण वामन टिळक. ते तर आपल्या कल्याणचेच म्हणावयास हरकत नाही. जन्म रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावचा, १८६१ चा. पण १८६९ पासूनचे त्यांचे प्राथमिक शिक्षण कल्याणास झाले. कल्याणास आगगाडी येऊन तेव्हा पंधराच वर्षे झाली होती. कवितेची गोडी त्यांना आईपासून लागली. ती माउली लवकर गेली आणि मुलगा पुढे नाशिकला शिकावयास गेला.

टिळकांच्या आयुष्याला वळण लागले तेही आगगाडीतच. १८९३ साली नागपुराहून राजनांदगावाकडे जाताना डब्यात एक गोरा गृहस्थ भेटला. बोलणे धर्मावर आले. त्याने बायबल हातात दिले आणि वाचीन असे वचन घेतले. टिळक वचनाला जागले. डोंगरावरच्या प्रवचनापर्यंत आले आणि पुस्तक खाली ठेववेना. मत्तयाच्या पाचव्यापासून सातव्यापर्यंतच्या तीन अध्यायांत ते प्रवचन आहे. दीनांचे, शोक करणाऱ्यांचे, भुकेल्यांचे काय होणार, हे तिथे सांगितले आहे, आणि वैऱ्याशी कसे वागावे हेही. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

आमच्या मंडळींत ही हकिगत सांगतात ती इथेच थांबवितात. नवऱ्याला प्रकाश दिसला, आनंदीआनंद झाला! पण मैत्रिणींनो, त्या दिवशी लक्ष्मीबाईंचे काय झाले? नवरा जिवंत आणि संसार नाही. पदरात लहान मूल. लोक कीव करतात, आणि कीव करणारेच टोचूनही बोलतात. काही वर्षे त्यांनी पंढरपुरास आपल्या माणसांत काढली. ज्या पुस्तकाने नवऱ्याला आशा दिली, त्याच पुस्तकाने बायकोची आशा काढून घेतली, असेच त्यांना वाटले असणार. मी स्वतः ख्रिस्ती आहे, टिळकांची पदे गातच लहानाची मोठी झाले, तरी या बाबतीत टिळकांना झटकन माफ करणे मला जमत नाही. त्यांच्या बाजूने एक गोष्ट मात्र सांगितली पाहिजे. धर्मांतरामुळे बायको नांदावयास येत नसेल तर काडीमोड मिळावी, असा कायदा १८६६ सालीच झाला होता. त्या वाटेने टिळक गेले नाहीत. ते वाट पाहत राहिले.

पुढे लक्ष्मीबाई नगरला आल्या. आल्या त्या काही धर्म बदलावयाचा म्हणून नव्हे. चूल वेगळी, पाणी वेगळे, सोवळे कडक. नवरा ख्रिस्ती झाला म्हणून आपण होणार नाही, हा त्यांचा हेका होता, आणि तो हेका मला फार आवडतो. कारण त्यांचे मन पालटले ते कोणाच्या उपदेशाने नव्हे. त्या विचार करू लागल्या की, जाती देवाने केल्या असत्या तर जनावरांची जात दिसते तशी माणसाची दिसली नसती का? मग ही माणसांची करणी. एकदा हे पटले, तेव्हा त्यांनी ते मनातच ठेवून दिले नाही. आजपासून कोणाच्याही हातचे खाईन, पाणी पिईन असे ठरविले आणि तसे वागू लागल्या. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० साली. लक्षात घ्या, आधी पाणी आणि मग धर्म! ज्या घरात मीठ धुतले जाई त्या घरच्या मुलीने हे केले, आणि महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकर पाणी प्याले ते १९२७ साली, त्यानंतर सत्तावीस वर्षांनी. तिथे ज्यांना पाणी नाकारले होते त्यांनी हक्काने घेतले. लक्ष्मीबाई होत्या नाकारणाऱ्यांच्या बाजूच्या. त्या बाजूच्या माणसाने आपण होऊन ओंजळ पुढे करणे ही निराळी गोष्ट आहे, आणि तीही सोपी नाही.

मार्गदर्शन म्हणजे काय असे मला कोणी विचारले, तर मी हे उदाहरण देते. पुष्कळांना वाटते की देवाची वाणी ऐकू येईल, नाहीतर पुस्तक उघडून बोट ठेवले की तिथे उत्तर असेल. मुलाचे लग्न जमेल का, फ्लॅट घ्यावा का, अशा प्रश्नांना बायबल उत्तर देत नाही. ते उलट आपल्यालाच विचारते, तुझ्या दारातल्या माणसाला तू पाणी कसे देतेस?

आणि हा प्रश्न जुना झाला आहे असे मानू नका. आज आपल्या ठाणे-डोंबिवलीत पंधरा-वीस मजल्यांच्या इमारती आहेत, सोवळे कोणी पाळीत नाही. पण कामाला येणाऱ्या बाईंचा कप मोरीजवळच्या फळीवर निराळा ठेवलेला मी पाहिला आहे, हिंदूंच्या घरी पाहिला आहे आणि ख्रिस्ती घरीही पाहिला आहे. एका घरी मी सहज विचारले तर उत्तर मिळाले, "तसे काही नाही हो, त्यांचा आपला एक कप असतो." तसे काही नाही तर मग तो फळीवर का, हे मी विचारले नाही, कारण यजमानीणबाईच जरा ओशाळल्या. पुढच्या खेपेस गेले तेव्हा सगळे कप एकाच ट्रेमध्ये होते. याला मी आशा म्हणते. लहान आहे, पण डोळ्यांनी दिसते.

आता संकटातल्या आधाराबद्दल. चिटणीसबाईंचा खरा रोख तिकडेच होता, हे मला कळते, कारण गेल्या वर्षात आपल्यापैकी तिघींच्या घरी दुःखाचे प्रसंग झाले. माझे यजमान गेले त्याला आता अकरा वर्षे झाली. त्या दिवसांत चांगली चांगली माणसे येऊन मला सांगत, देवाची इच्छा. खरे सांगते, त्या शब्दांनी मला काडीचा आधार वाटला नाही. आधार वाटला तो रूथच्या पुस्तकातल्या नामीचा. नामी ही सासू. परमुलखात नवरा गेला, दोन्ही मुलगे गेले. ती गावी परत येते तेव्हा बायका विचारतात, ही नामीच का? नामी म्हणजे गोड, मनोरम. ती त्यांना सांगते की मला या नावाने हाक मारू नका, मारा म्हणा. मारा म्हणजे कडू. देवाने माझे फार कडू केले, असे ती भर वेशीत बोलते, आणि धर्मग्रंथ तिचे तोंड दाबीत नाही. ते शब्द तसेच लिहून ठेवतो. देवावर रुसण्याची मुभा आहे, हे मला तिथे कळले. आणि त्या कडू झालेल्या सासूला सोडून जावयास तयार नव्हती ती कोण? तिची सून, रूथ, तीही दुसऱ्या जातीची, मवाबी! सासवासुनांच्या या सभेत याहून जास्त बोलत नाही.

ईयोबाचीही एक गोष्ट सांगून घेते. त्याच्यावर संकटे कोसळली तेव्हा तीन मित्र समाचाराला आले. सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसून राहिले, कोणी एक शब्द बोलले नाही. त्यांनी केलेले सर्वांत चांगले काम तेवढेच. नंतर त्यांनी तोंड उघडले आणि पुढचे कित्येक अध्याय तुझेच काही चुकले असेल हे त्याला पटवीत राहिले. शेवटी देव त्यांच्यावरच रागावला. यजमान गेल्यावर शेजारच्या काकू रोज संध्याकाळी भाजी निवडावयाची घेऊन माझ्याकडे येत. मी काही विचारले तर उत्तर देत, नाहीतर गवार मोडीत बसत. काकूंनी बायबल कधी पाहिलेले नाही. पण ते सात दिवस कसे बसावयाचे असते, हे त्यांना आमच्या कित्येक वक्त्यांपेक्षा जास्त कळत होते.

काहीजणींना वाटेल, हे ऐकावयास ठीक, पण ते पुस्तक वाचावयास अवघड असेल. ही अडचण पंडिता रमाबाईंना फार पूर्वी जाणवली होती. संस्कृतच्या पंडिता खऱ्या, पण केडगावच्या मुक्तिसदनात त्यांच्याभोवती होत्या त्या दुष्काळातून आलेल्या मुली, टाकलेल्या बायका, बालविधवा. त्यांना समजेल असे मराठी बायबल हवे म्हणून त्या उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि मुळावरून सगळे भाषांतर केले. खिळे जुळविणे, छापणे ही कामे मुक्तिसदनातल्या बायकांनीच केली. १९२१ च्या जुलैत एकुलती एक मुलगी मनोरमा गेली, तरी काम थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या. संपूर्ण ग्रंथ बाहेर पडला तो १९२४ साली. 'स्त्री-धर्मनीति' लिहिणाऱ्या बाईची लेखणी शेवटी घरगुती मराठीसाठी झिजली, याचे मला राहून राहून कौतुक वाटते.

लक्ष्मीबाईंचेही तसेच. ९ मे १९१९ रोजी टिळक वारले तेव्हा त्यांचे ओवीबद्ध 'ख्रिस्तायन' अर्धवट राहिले होते. दहाबारा अध्यायांपुढे ते गेलेच नव्हते. ज्या धर्मापायी एके काळी संसार मोडला होता, त्या धर्माच्या काव्याचे पुढचे ६४ अध्याय या बाईंनी लिहिले. शाळा कसली ती ठाऊक नाही, अक्षरओळख झाली ती लग्नानंतर नवऱ्याकडून. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्या गेल्या. त्यांच्या कवितांच्या पुस्तकाचे नाव 'भरली घागर', आणि ते वाचले की मला दर वेळी विहिरीवर राहिलेली ती दुसरी घागर आठवते.

वड्यांची ताटे बाहेर आलेली दिसतात, तेव्हा आवरते. ज्यांना बायबल उघडून पाहावेसे वाटेल त्यांनी पहिल्या पानापासून आरंभ करू नये. वंशावळींत अडकाल आणि पुस्तक मिटाल. रूथ घ्या. चारच अध्याय आहेत, दुपारचा चहा उकळेपर्यंत निम्मे होते. मग योहानाचा चौथा अध्याय आणि मत्तयाचे ते तीन. 'स्मृतिचित्रे'ची एक प्रत मी मंडळाच्या कपाटासाठी आणली आहे. ती चिटणीसबाईंच्या हाती देते. नावे आत्ताच लिहून घ्या, नाहीतर पहिली नेणारी दिवाळीपर्यंत परत करावयाची नाही.