परदेशी जाण्याआधी हिशेब मांडा



धानाची मळणी आटोपली की आपल्या दिघोरीच्या पोरांना कामासाठी बाहेर पडावं लागतं. कुणी नागपूर, कुणी पुणे. आता तर दुबई, सौदीचंही नाव निघतं. जाऊ नका, असं सांगायला मी उभा नाही. बाबासाहेब स्वतः 1913 साली शिकायला अमेरिकेला गेले. पण त्यांनीच 1923 साली रुपयाच्या प्रश्नावरील आपल्या ग्रंथात दाखवून दिलं, की पैशाचं मोल त्यातून काय विकत मिळतं यावर ठरतं. दलालाने सांगितलेला पगार याच कसोटीवर घासून पाहा.

समजा, पगार 1,000 दिरहम आणि भाव 23 रुपये. म्हणजे 23,000 रुपये. ऐकायला गोड! पण जेवणखाण, फोन, औषधपाणी यात 400 दिरहम गेले, तर उरले 13,800. जाण्यासाठी शेत गहाण टाकून महिना 3 टक्क्यांनी 1 लाख काढले असतील, तर 3,000 व्याज. उरले 10,800. दोन वर्षांत झाले 2,59,200. त्यातून मुद्दल फेडली की 1,59,200. म्हणजे महिन्याला साडेसहा हजारांच्या आसपास! खर्च वजा जाता तेवढे इथे राहून उरतात का, हे आधी मायबाप, बायको यांच्यासोबत बसून पाहा.

दुसरी गोष्ट, तिथलं काम तेलाच्या भावावर हलतं. 2014 नंतर तेल घसरलं आणि 2016 साली सौदीत हजारो भारतीय कामगार पगाराविना अडकले. आपल्याकडे कर्जाचं व्याज मात्र थांबत नाही.

म्हणून दलालाकडे भारत सरकारचा परवाना आहे का, ते 'ई-मायग्रेट'वर तपासा. नियमाने त्याची फी 30,000 रुपये आणि त्यावरील जीएसटी, यापेक्षा जास्त नाही. पावती घ्या. करार हाती आल्याशिवाय पैसे देऊ नका. व्हिजिट व्हिसावर कामाला जाऊ नका.

आणि गेलात, तर सिगालोवाद सुत्त ध्यानात ठेवा. तथागतांनी कमाईचे चार भाग सांगितले, त्यातला चौथा अडीअडचणीसाठी राखायचा. सारा पैसा स्लॅबात आणि लग्नात घालू नका. आधी शेत सोडवा, मग लेकरांचं शिक्षण.

एवढं बोलून थांबतो. जयभीम! नमो बुद्धाय!